गाळलेली जागा

टेकडीवर जायला वाट एकच,
तीही बकऱ्यांनी पाडलेली.
आधी बकऱ्या, मग साधू, मग परक्यांचे घोडे,
मग ट्रक.
आमच्या वाश्लागोरात इतिहास एवढाच सांगतात,
तोही चीज पिळता पिळता.

मठ कुणी बांधला, ठाऊक नाही.
तीनदा जळला हे ठाऊक आहे,
भिंतीत काळ्या दगडांचे तीन थर मोजता येतात.

शेवटचा साधू एव्स्ताते.
त्याला नेलं त्या दिवशी म्हणे
त्याने ट्रकवाल्याला थांबायला लावून
मधाच्या पेट्यांवर झाकणं घातली,
आभाळ आलं होतं.
त्याचं पुढे काय झालं, कुणी विचारलं नाही.
माश्या मात्र दोन उन्हाळे टिकल्या.

मग सामुदायिक शेतीचं खत तिथे ठेवू लागले.
पोत्यांतला खार भिंतींत चढला,
रंगवलेले संत कमरेपर्यंत पांढरे पडले.
मी नऊ वर्षांचा. गलोल नवी.
वेदीच्या डावीकडे ज्या संताला उजवा डोळा नाही
त्याचा डोळा मी फोडला.
पैज सूर्यफुलाच्या बियांच्या एका पुडीची होती.
जिंकलो.

पुढे देश मोडला, वीज गेली,
त्या हिवाळ्यांत छपराचे वासे उतरवले आम्ही.
आम्ही म्हणजे सगळेच.
देवाच्या लाकडाला धूर फार, माझी बायको म्हणायची
आणि हात शेकत राहायची.
दगड त्याच्याही आधीपासून उतरत होते,
कुणाच्या विहिरीला, कुणाच्या भट्टीला.
त्सियालाच्या सासऱ्याने एक नेला घराच्या उंबरठ्याला.

देदा सिदोनिया आली ती मार्चमध्ये,
जुन्या निवा गाडीतून:
दोन तरुण नन, एक शिवणयंत्र,
आणि तिघींनाही पडसं.
पहिलं वर्ष ताडपत्रीखाली काढलं त्यांनी.
घंटा कुठली! गॅसचा रिकामा सिलिंडर कापून
अक्रोडाच्या फांदीला टांगला.
तो पहिल्यांदा वाजला तेव्हा
खालच्या गाई चरायच्या थांबल्या.
आम्हीही चमचे खाली ठेवले.

दगड तिने मागितले नाहीत कधी.
पण एका सकाळी फाटकाशी एक होता,
अजून कुणाच्या तरी चुलीची काजळी असलेला.
पुढच्या आठवड्यात चार.
रात्री गाढवाच्या खुरांना चिंध्या बांधून
कोण कोण वर जातं, हे मला पाठ होतं.
गाढव माझंच, भाड्याने द्यायचो.

राहिला एक.
दक्षिणेच्या भिंतीवर कोरलेली ओळ आहे:
प्रभू, दया कर तुझ्या सेवकावर
ज्याने हे रचलं, ज्याचं नाव
आणि इथे भोक.
नाव त्सियालाच्या उंबरठ्यात.

देदा स्वतः गेली तिच्याकडे.
त्सियालाने दही दिलं, वर मध घातला, मग म्हणाली,
ह्याच्यावर पाय देऊन गेला माझा रामाझ, लढायला.
येईल तेव्हा दार चुकेल ना तो.
देदाने वाटी चाटूनपुसून संपवली,
धुऊन पालथी घातली,
आणि वर येऊन गवंड्याला सांगितलं, भोक बुजवू नकोस.
तसंही तीन पिढ्यांच्या तळव्यांनी
नाव गुळगुळीत झालंय. कुणाला वाचता येणार?

आता संध्याकाळच्या प्रार्थनेत ती ओळ येते
आणि त्या जागी देदा थांबते.
भोकातून वारा येतो, मेणबत्त्या आडव्या होतात.
जो तो काहीतरी पुटपुटतो.
त्सियाला तर खणखणीत म्हणते, रामाझ.
सकाळी ती उंबरठा धुते ते पाणीही
म्हणे रस्त्यावर ओतत नाही.

मी डावीकडे बघायचं टाळतो.
शहरातून एक पोरगी आली होती चित्रं साफ करायला,
बारीक ब्रशांनी उन्हाळाभर खार काढला तिने.
तेवढा डोळा पुन्हा रंगवला नाही.
गेलेलं गेलेलंच दिसू द्यायचं असतं, म्हणाली,
आणि मला विचारलं, आजोबा, हे कशाने झालं असेल?
गारा, मी म्हणालो. छपराखाली.

सोमवारी वाळू नेतो, गुरुवारी पाणी.
गाढव म्हातारं झालंय, मध्येच उभं राहतं,
मीही राहतो.
भाडं घेत नाही.
बियांची एक पुडी
अजून फिटायची आहे.